नाका सरकत गेला

आमच्या थोरल्या काकांच्या बोटांना कायम तुपाचा वास यायचा, असं आई अजून सांगते. ते हलवाई नव्हते. शहराच्या वेशीवर एका चुंगी नाक्यावर मोहर्रिर, म्हणजे कारकून होते, आणि आत येणारा तुपाचा डबा खरंच तुपाचा आहे की डालड्याचा, हे झाकण उघडून, बोट बुडवून बघणं हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. पुण्याचे नातेवाईक याला जकात म्हणायचे. आम्ही इंदूरची माणसं मराठीत बोलतानासुद्धा चुंगीच म्हणायचो.

लहानपणी दोन-तीनदा मी त्या नाक्यावर गेलोय. रस्त्यात आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी सोडली की दगडाच्या वजनानं बांबू आपोआप वर जायचा. पत्र्याची खोली, आत टेबल, टेबलावर कार्बन घातलेलं पावतीपुस्तक. बाहेर ट्रकांची रांग, आणि बैलगाडीवाले खाली उतरून विड्या ओढत बसलेले. काका पोत्यात लोखंडी परखी खुपसायचे, ओंजळभर दाणे बाहेर काढायचे, गहू की हरभरा ते बघायचे. कधी कधी बघायचे नाहीत. हे ‘कधी कधी’ आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. पण दिवाळीत येणारे काजू कुठल्या पोत्यातले असतात हे आजीला ठाऊक असावं, कारण ते काजू तिनं कधी देवापुढे ठेवले नाहीत.

१९७६ साली मध्य प्रदेश सरकारनं चुंगी बंद केली. कुणीही रडलं नाही. ट्रकवाल्यांनी तर नारळ फोडले असतील. त्याऐवजी प्रवेश कर आला. तो राज्यानं गोळा करायचा आणि शहरांचं जे उत्पन्न बुडालं त्यापोटी त्यांना पैसे पाठवायचे. या पैशांना आमच्याकडे सरकारी भाषेत ‘चुंगी क्षतिपूर्ती’ म्हणतात. म्हणजे काय, तर नाक्यावरचा बांबू उचलून भोपाळला नेला. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, प्रवेश कर त्यात विरघळला आणि बांबू भोपाळहून दिल्लीला गेला. काका तोवर नव्हते. मी मात्र होतो, आणि तेही नेमका कर सल्लागार. सियागंज बाजारातल्या किराणा व्यापाऱ्यांची रिटर्नं भरणं हा माझा धंदा. काकांच्या हातात बांबूची दोरी होती. मी उरलेलं आयुष्य दुसऱ्या टोकाच्या दगडाशी हुज्जत घालतोय.

सियागंजातला माझा एक जुना अशील आहे, हळद-धण्याचा ठोक व्यापारी. पोर्टलवर नोटीस आली की तो माझ्या ऑफिसात येऊन स्क्रीनकडे असं बघतो, जसं आपण आजारी माणसाच्या एक्स-रेकडे बघतो: काही कळत नाही, पण वाईट असणार. एकदा म्हणाला, “भिया, पेले वाला साब खाता था, पर दिखता तो था। ये तो दिखता भी नी।” मी हसलो. रात्री मात्र त्या वाक्यानं झोपू दिलं नाही. पंचवीस वर्षं हाच माणूस मला सांगत आलाय, की साहेब लोकांच्या तावडीतून सोडवा, सगळं ऑनलाइन झालं पाहिजे. झालं ऑनलाइन. आता त्याला तो खाणारा साहेब आठवतो, मयत सासऱ्याची आठवण यावी तसा.

दिल्लीला गेलेला बांबू तिथे कुणाच्या हातात आहे, हेही एकदा बघायला हवं. तो एकट्या केंद्राच्या हातात नाही, जीएसटी परिषदेच्या हातात आहे. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय पान हलत नाही. केंद्रालाही एकट्यानं हलवता येत नाही. रचना हुशारीची आहे, यात वाद नाही. गंमत म्हणजे तिथे पहिल्यांदा मतदानाची वेळ आली ती डिसेंबर २०१९ मध्ये, आणि तीही लॉटरीवरच्या करासाठी. त्याआधीचं सगळं सहमतीनं झालं. एकत्र कुटुंबात जेवणाचा बेत ठरतो तशी ही सहमती असावी, असा मला संशय आहे.

राज्यांनी आपापल्या दोऱ्या सोडल्या त्या बदल्यात त्यांना पाच वर्षं भरपाईची हमी मिळाली होती, उत्पन्नात दरसाल १४ टक्के वाढ धरून. २०२० च्या टाळेबंदीत भरपाईच्या उपकराची तिजोरी आटली, राज्यं पैसे मागू लागली, आणि बऱ्याच हमरीतुमरीनंतर केंद्रानं राज्यांसाठी म्हणून १.१ लाख कोटींचं कर्ज काढलं. हिंदी वर्तमानपत्रांत त्या भरपाईला शब्द होता ‘क्षतिपूर्ति’. पेपर हातात घेऊन मी काकांच्या फोटोकडे बघितलं. आधी आपली दोरी सोडायची, मग क्षतिपूर्तीची वाट बघायची. १९७६ साली शहरं भोपाळकडे बघत होती, २०२० मध्ये भोपाळ दिल्लीकडे.

तरीही, माझ्या ओळखीतल्या एकाही माणसाला बांबू वर गेल्याचं खरं दुःख नाही. आमच्याकडे सरकारवरचा विश्वास अंतराप्रमाणे वाढत जातो. वॉर्डातला दरोगा, म्हणजे सफाईचा मुकादम? चोर. पार्षद, म्हणजे नगरसेवक? भाच्याच्या नावावर ठेकेदारी करतो. भोपाळचा मंत्री? सगळे सारखेच. आणि दिल्लीतला? “त्याला बिचाऱ्याला खालचे लोक खरं कळू देत नाहीत.” राजा चांगला, कारभारी वाईट: हे दरबाराच्या काळातलं गणित लोकशाहीला पंचाहत्तर वर्षं होऊन गेली तरी आम्ही तसंच सोडवतो. अमेरिकेतल्या प्यू संस्थेनं २०१७ साली विचारलं तेव्हा ८५ टक्के भारतीयांनी देशाच्या सरकारवर विश्वास असल्याचं सांगितलं होतं. आणि संसद-न्यायालयांची आडकाठी नसलेला खंबीर नेता चालेल, असं ५५ टक्क्यांना वाटत होतं. खुद्द अमेरिकेत १९५८ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश लोकांचा वॉशिंग्टनवर भरवसा होता; २०२३ मध्ये तो १६ टक्क्यांवर आला. तिथे माणसाचा आपल्या गावच्या सरकारवर वॉशिंग्टनपेक्षा जास्त विश्वास असतो. आमची उतरंड नेमकी उलटी. सगळ्यात वरचं मडकं सगळ्यात भरलेलं, असं आम्ही धरून चालतो. वर हात पोचत नाही म्हणून तपासायचा प्रश्न येत नाही.

इंदूरच्या मराठी माणसाला हे गणित रक्तातूनच आलंय. आम्ही इथे आलोच मुळी दरबाराबरोबर. माझे आजोबा होळकरांच्या खजिन्यात कारकून. २८ मे १९४८ ला मध्यभारत राज्य झालं तेव्हा शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख, आणि राजधान्या दोन: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. आजोबांचं अर्धं आयुष्य दप्तराच्या पेट्या बांधण्यात गेलं. लाल फडक्यात फायली, फायलींना सुतळी, सुतळीला लाख, आणि वर पेटीचा नंबर चुन्यानं लिहायचा. एकदा एक पेटी वाटेतच कुठल्या तरी स्टेशनात उतरवली गेली, आणि कुणाची तरी पेन्शन सहा महिने त्या पेटीत अडकली. ती पेटी सापडली की नाही, हे आजोबांनी प्रत्येक वेळी वेगळं सांगितलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि भावाभावांत भांडी वाटतात तशी वाटणी झाली. राजधानी भोपाळला. उच्च न्यायालय जबलपूरला, त्याची खंडपीठं इंदूरला आणि ग्वाल्हेरला. महसूल मंडळ ग्वाल्हेरला. आमच्या वाट्याला लोकसेवा आयोग आला. घरात त्या दिवशी सुतक असल्यासारखं होतं, असं वडील सांगायचे. आणि त्या दिवसापासून आमच्याकडे केंद्रीकरण वाईट झालं! शे-सव्वाशे वर्षं ते चांगलं होतं, कारण केंद्र राजवाड्यावर होतं, घरून चालत दहा मिनिटांवर. ते भोपाळला गेल्याबरोबर आम्हाला विकेंद्रीकरणाची थोरवी कळली.

हे सगळं मी एकदा देवासच्या मित्राला मोठ्या तोऱ्यात ऐकवत होतो. भोपाळ कसं सगळं ओढून घेतं, इंदूर कमावतं आणि भोपाळ वाटतं, वगैरे. देवास म्हणजे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं नांदलेलं गाव. तिथल्या माणसाला सत्तेच्या वाटण्या आम्ही काय शिकवणार. त्यानं शांतपणे पोह्यांवर शेव भुरभुरवली आणि म्हणाला, “तुझं बरोबर आहे. फक्त एक ध्यानात ठेव, तुमचं इंदूर हे आमचं भोपाळ आहे.”

तेव्हापासून मी या विषयावर जपून बोलतो. कारण मला वाटतं, संघराज्य म्हणून आम्ही जे मागतो ते फार साधं असतं: सत्ता वरून खाली यावी, ती आपल्या पायरीपर्यंत यावी, आणि तिथेच थांबावी. पुढच्या पायरीवर घरंगळली तर मात्र अराजक. पुण्याचा माझा मावसभाऊ दर लग्नकार्यात मला ऐकवतो, की आमच्या करावर तुमची राज्यं चालतात. आकडे त्याला पाठ आहेत: पंधराव्या वित्त आयोगानं केंद्राच्या करांमधल्या राज्यांच्या वाट्यातल्या दर शंभर रुपयांपैकी मध्य प्रदेशला ७.८५ दिले, महाराष्ट्राला ६.३२. मी म्हणतो, अरे, उपकर आणि अधिभार तर वाटपात येतच नाहीत, आधी त्यावर बोल. त्यावर आमचं एकमत होतं, दोघं मिळून दिल्लीला नावं ठेवतो. मग जिलबी आली की तोच म्हणतो, मुंबई पुण्याचं सगळं खाते. मराठवाड्यातली त्याची बायको पुण्याबद्दल काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

इतकं सगळं गमतीत घेता आलं असतं, पण महू आमच्यापासून पंचवीस किलोमीटरवर आहे. बाबासाहेबांचं जन्मगाव. १४ एप्रिलला तिथे महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसं येतात. एका वर्षी आमच्या घराजवळच्या थांब्यावर विदर्भातल्या एक बाई बससाठी थांबल्या होत्या. मराठी ऐकून आईनं त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. बोलता बोलता मी माझं लाडकं तत्त्वज्ञान काढलं, की सगळे अधिकार गावाला दिले पाहिजेत. बाई पेला खाली ठेवत म्हणाल्या, “गावाले? गावात तर विहिरीवर जाऊ देत नव्हते आमच्या आज्याले. कायदा दूरवरूनच आला ना, दादा.”

मी गप्प. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हेच दोन मुद्दे शेजारी शेजारी ठेवले होते. एक, भारताला ‘युनियन’ म्हटलंय कारण हे संघराज्य घटकांच्या करारातून झालेलं नाही, म्हणून कुणाला त्यातून बाहेर पडता येणार नाही. आणि दुसरा, खेड्यांच्या स्वायत्ततेचे गोडवे गाणाऱ्यांना उत्तर: खेडं म्हणजे स्थानिक संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा. माझ्यासारख्या वाड्यात वाढलेल्या माणसाला जवळचं सरकार म्हणजे ओळखीचा माणूस वाटतो. ओळख कुणाची, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. माझ्या काकांचा नाका काहींना खिडकीतून पावती देत होता, काहींना रांगेत उभं करत होता.

आता आमच्या शहराची बढाई. केल्याशिवाय इंदूरचा माणूस लेख संपवत नाही. २०१७ पासून दर वर्षीच्या स्वच्छ सर्वेक्षणात आम्ही वरच आहोत. सकाळी गाडी येते, गाणं वाजतं, आई सहा डबे घेऊन फाटकाशी उभी असते: ओला, सुका, प्लास्टिक, विजेच्या वस्तू, घातक, सॅनिटरी. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, पण संपलेला सेल चुकून सुक्यात टाकला तर माझ्यावर डाफरते. गाडीवरच्या पोराला ती नावानं हाक मारते. सरकार नावाच्या गोष्टीवर तिचा इतका विश्वास मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तोही कुठल्या सरकारवर, तर सगळ्यात खालच्या पायरीवरच्या.

म्हणून माझा अंतराचा सिद्धांत कोसळला, असं मला काही वर्षं वाटत होतं. पण एक गोष्ट खटकते. फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली जुलै २०२२ मध्ये, तीही सर्वोच्च न्यायालयानं राज्याला बजावल्यानंतर. मधली जवळजवळ अडीच वर्षं शहराला महापौर नव्हता, एकही पार्षद नव्हता. कारभार प्रशासकाकडे होता. आणि २०२० ला आम्ही पहिले, २०२१ ला पहिले. सकाळची गाडी एक दिवस चुकली नाही. मी गल्लीत विचारत फिरलो, की पार्षद नाही हे कुणाला जाणवलं का. एक जण म्हणाला, “बरं झालं, बॅनर कमी झाले.”

आमच्याच राज्यात एके काळी निवडून दिलेल्या नगराध्यक्षाला परत बोलावायचं मतदान व्हायचं. २००१ साली अनूपपूरला पहिल्यांदा झालं. त्यात मत द्यायला दोनच चिन्हं होती: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. अध्यक्ष राहू दे वाटलं तर भरली, जाऊ दे वाटलं तर रिकामी. इंदूरची खुर्ची अडीच वर्षं रिकामी होती आणि त्यासाठी कुणाला शिक्का मारावा लागला नाही. पुण्या-मुंबईवाल्यांनी हसू नये. मार्च २०२२ नंतर तुमच्याकडेही खुर्च्या कित्येक वर्षं रिकाम्याच होत्या.

आणि तो पहिला नंबर देतं कोण? दिल्लीतलं मंत्रालय. शंभरएक वर्षांपूर्वी, प्लेगच्या काळात, होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला इथे आणलं होतं. हा विक्षिप्त म्हातारा गल्लोगल्ली फिरायचा. त्यानं दिवाळीला मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं, की जी गल्ली सगळ्यात स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार. गल्ल्यांनी रात्रंदिवस कचरा उपसला म्हणतात. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला थोरला उंदीर होता. युक्ती तीच, आजची. फक्त तेव्हा बक्षीस आपल्या दारावरून वाजतगाजत जायचं. आता ते दिल्लीच्या सभागृहात मिळतं आणि आम्ही मोबाइलवर बघतो.

आईची शेवटची गोष्ट सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेनं २४४ कोटींचे हरित रोखे विकायला काढले. इंदूरला पाणी येतं नर्मदेचं, जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून. १९७० साली शहरानं त्यासाठी आंदोलन केलं आणि १९७८ ला ते पाणी आलं. ते उपसायला लागणाऱ्या विजेसाठी जलूदलाच ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा, म्हणून हे कर्ज. व्याज ८.२५ टक्के, मुदत तीन ते नऊ वर्षं. मागणी कितीतरी पट आली. आईनं पेपरात वाचलं आणि मला सांगितलं, माझ्या मुदत ठेवीतले पन्नास हजार काढ.

“मुन्शीपालटीला उसने?” मी विचारलं. नाक्यावरच्या काकांना, म्हणजे आपल्या दिराला, ओळखून असलेली बाई ती.

“ती गाडी रोज येते ना,” ती म्हणाली.

मी तिला तुकोजीरावांची गोष्ट सांगितली. १८७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी. दारात इंग्रजांची रेसिडेन्सी बसलेली असताना कर्ज मागितलं जातं तेव्हा ‘नाही’ म्हणायची सोय कितपत असते, ते सोडा. कागदावर ती मुदत १९७१ च्या आसपास भरायची. आणि त्याच १९७१ मध्ये, राज्यघटनेत लिहून दिलेले संस्थानिकांचे तनखे २६ व्या दुरुस्तीनं बंद झाले. मला राजेलोकांचा पुळका नाही, तनखे गेले ते बरंच झालं. पण लिहून दिलेला शब्द वरच्या पायरीवरून किती सहज मागे घेता येतो, ते त्यात दिसतं.

झुरिकला राहणारी माझी भाची तेव्हा फोनवर होती. ती म्हणाली, इथे तर केंद्र सरकारला प्रत्यक्ष कर घ्यायचा अधिकारच मुदतीचा आहे. मार्च २०१८ मध्ये लोकांनी मत दिलं, ८४ टक्क्यांनी तो वाढवला, आता २०३५ पर्यंत. शेजारीण मतपत्रिकेचं पाकीट आठवडाभर जेवणाच्या टेबलावर ठेवते, भाजी निवडता निवडता वाचते. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे सरकारच उसनं घेतलेलं.”

रोख्यांचं व्याज सहा महिन्यांनी येतं. त्याच्या तारखा ती ज्या वहीत लिहिते, ती वही म्हणजे काकांचं उरलेलं पावतीपुस्तक. नाका उठला तेव्हा कोऱ्या राहिलेल्या पावत्या काका घरी घेऊन आले होते, आणि पाठकोरा कागद टाकायचा नाही हा आमच्या घरचा नियम. परवा पहिलं पान उलटताना तिनं चष्मा वर करून विचारलं, “हे पैसे मुन्शीपालटीच देणार ना? की भोपाळहून यायचे, की दिल्लीहून?”

“कागदावर तर महापालिकाच,” मी म्हणालो.

“आणि कागदामागे?”

उत्तराची वाट न बघता तिनं पावती उलटी केली आणि पाठच्या बाजूला पुढची तारीख लिहायला घेतली.